पाहुणा शास्त्रज्ञ सप्टेंबरात बोलवा

आपल्या विद्यापीठांत बाहेरचा मोठा शास्त्रज्ञ शिकवायला येणार म्हटलं की तो येतो डिसेंबरात, फार तर जानेवारीत. त्याच्याकडे तेव्हा नाताळची सुट्टी असते, आपल्याकडे हवा बरी असते, परिषदांचा सीझन तोच, आणि मार्चच्या आत मंजूर झालेले पैसे खर्ची टाकायचे असतात ते वेगळंच. गणित शिकवायचं असेल, अर्थशास्त्र शिकवायचं असेल तर याने काही बिघडत नाही. पण विषय बायोलॉजिकल ओशनोग्राफी असेल, म्हणजे समुद्रातले जीव आणि ते ज्या पाण्यावर, उजेडावर, क्षारांवर, प्रवाहांवर जगतात त्या सगळ्याचा एकत्र अभ्यास, आणि विद्यापीठ अरबी समुद्राच्या काठावर असेल, तर जानेवारीत बोलावून आपण त्या माणसाचं निम्मं ज्ञान वाया घालवतो. माझं म्हणणं एवढंच की अशा माणसाला सप्टेंबरात बोलवा, निदान दोन महिने ठेवा, हॉलमध्ये कमी आणि बोटीवर जास्त शिकवू द्या, आणि तो गेल्यावर त्याने सुरू केलेलं मोजमाप चालू राहील याची सोय तो यायच्या आधी करा. यातलं काहीही जमणार नसेल तर बोलावू नका, ते पैसे लॅबला द्या.

सप्टेंबर का ते आधी सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. आपला समुद्र वर्षभर एकसारखा नसतो. जूनमध्ये मोसमी वारे सुरू झाले की केरळपासून वर कर्नाटक, गोवा, दक्षिण कोकणापर्यंत किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर सरकायला लागतं, याला अपवेलिंग म्हणतात, आणि त्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट भरपूर असतं म्हणून वरच्या उजेडात वनस्पतिप्लवक, म्हणजे सूक्ष्म तरंगत्या वनस्पती, प्रचंड वाढतात. आपली तारली, आपला बांगडा, सगळ्यांची शिदोरी इथे तयार होते. पण त्याच वेळी वरून धो धो पाऊस पडत असतो, नद्या भरून येत असतात, आणि ते गोडं पाणी हलकं असल्यामुळे समुद्रावर काही मीटर जाडीचं झाकण ठेवल्यासारखं बसतं. खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वरचं मेलेलं प्लवक खाली पडत राहतं, बॅक्टेरिया ते कुजवत राहतात आणि त्यात ऑक्सिजन संपत जातो. मुळात हे वर आलेलं पाणीच कमी ऑक्सिजनचं असतं, कारण अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन अगदी नगण्य असलेला जगातल्या सगळ्यात जाड पट्ट्यांपैकी एक पट्टा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की गोव्यासमोर पंचवीस-सत्तावीस मीटर खोलीवर तळाशी ऑक्सिजन संपतो, मग बॅक्टेरिया त्याऐवजी नायट्रेट वापरतात, तेही संपलं की सल्फेट, आणि पाण्याला सडक्या अंड्यांचा वास यायला लागतो. नोव्हेंबरात प्रवाह उलटे फिरतात आणि हळूहळू सगळं सावरतं. जानेवारीत तुमचा पाहुणा येतो तोवर या घटनेचा किनाऱ्याजवळ मागमूस राहिलेला नसतो.

आता कुणी म्हणेल की जानेवारीतही समुद्रात काहीतरी असतंच की. असतं ना. उत्तर अरबी समुद्रात थंडीने वरचं पाणी जड होऊन खाली बसतं, मिसळण होते, त्यातून हिवाळ्यातली प्लवकांची वाढ होते आणि नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचे हिरवे तवंग शेकडो किलोमीटर पसरतात. मार्च ते मेमध्ये शांत पाण्यावर ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्मजीवाचे भुशासारखे दिसणारे पट्टे येतात. तेही शिकवावंच. पण आपल्या किनाऱ्यावरची जी खरी नाट्यमय गोष्ट आहे, जिच्यावर आपली मासेमारी हलते आणि जिच्याबद्दल जगाला आपल्याकडून शिकायचंय, ती पावसाळ्याच्या शेवटी घडते, आणि नेमकी तेव्हाच आपल्या पाहुण्या प्राध्यापकांची योजना झोपलेली असते.

सप्टेंबरच्या शेवटी भाड्याच्या ट्रॉलरवरून सॅम्पल घेताना काय दिसतं ते सांगतो, म्हणजे मी एवढं का तळमळून लिहितोय ते कळेल. दोरीला निस्किन बाटली बांधून खाली सोडतात, दोन्ही टोकं उघडी, हव्या त्या खोलीला गेली की दोरीवरून एक छोटं वजन सोडायचं, ते सरकत जाऊन आदळलं की बाटली तिथलं पाणी घेऊन बंद होते. वर आल्यावर पहिलं काम ऑक्सिजनचं. काचेच्या छोट्या बाटलीत बुडबुडा येऊ न देता पाणी भरायचं, त्यात मँगनीजचं द्रावण आणि अल्कलीतलं आयोडाइड टाकायचं, बूच लावून हलवायचं. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ही पद्धत १८८८ साली दिली आणि अजून तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय भारीतल्या भारी सेन्सरवर कुणी विश्वास ठेवत नाही. पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो, जितका जास्त तितका गडद. पृष्ठभागाच्या पाण्याची बाटली अशी छान तपकिरी झालेली असते. मग तळाची बाटली येते, तेच द्रावण, तेवढेच थेंब, आणि साका पडतो पांढरा, अगदी चुन्यासारखा पांढरा. पोरं आधी म्हणतात काहीतरी चुकलं, परत करूया. परत केलं तरी पांढराच. कुणीतरी बाटली नाकाजवळ नेतो आणि चेहरा वाकडा करतो. दोन बाटल्यांमधलं अंतर वीसेक मीटर, किनारा नजरेच्या टप्प्यात, आणि खाली श्वास घेणाऱ्या जीवाला जागा नाही. ज्या विद्यार्थ्याने हे स्वतःच्या हाताने केलंय त्याला हायपॉक्सियाची, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन कमी पडण्याची, व्याख्या पाठ करावी लागत नाही आणि त्याला पुढे कुठला पेपर वाचायला दिला तरी आकड्यामागची बाटली दिसते.

आणि याच क्षणी शेजारी असा माणूस उभा हवा ज्याने पेरूसमोर, नामिबियासमोर, कॅलिफोर्नियासमोर असंच पाणी वर काढलंय. तो सांगेल की नामिबियाच्या किनाऱ्यावर हायड्रोजन सल्फाइडचे उद्रेक उपग्रहातून दिसतील इतके मोठे होतात, पेरूसमोर अपवेलिंग वर्षभर चालतं आणि तिथे अँचोव्हीची जगातली सगळ्यात मोठी मासेमारी उभी आहे, आणि तुमच्याकडे तेच पाणी चार महिने येतं नि पावसाचं गोडं पाणी वर येऊन सगळं गणित बदलतं, हे जगात क्वचित दिसतं. मोठ्या माणसाचं मोठेपण पोरांना उपयोगी पडतं ते अशा वेळी, बायोडेटा वाचून दाखवताना नाही.

हे काही माझ्या डोक्यातलं स्वप्न नाही, आपल्याच देशात झालंय. १९५२ साली युजीन लाफाँड हे अमेरिकन नौदलाच्या सॅन दिएगोच्या प्रयोगशाळेतले समुद्रशास्त्रज्ञ फुलब्राइट शिष्यवृत्तीवर वॉल्टेअरला, म्हणजे आताच्या विशाखापट्टणमला, आंध्र विद्यापीठात शिकवायला आले. देश नुकताच स्वतंत्र झालेला, ओशनोग्राफी हा विषय विद्यापीठात जवळपास नव्हताच. ते काही दिवस भाषणं देऊन परत गेले नाहीत, राहिले, नौदलाच्या जहाजांवर पोरांना घेऊन गेले, किनाऱ्यालगतच्या अपवेलिंगची मोजमापं केली, आणि १९५५-५६ ला परत आले. आंध्र विद्यापीठाने १९५४ मध्ये त्या कामाचा पहिला खंड छापला. तिथे तयार झालेल्या पिढीतून पुढे देशभरच्या संस्थांना माणसं मिळाली, वरदाचारी तर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयओचे, संचालक झाले. लाफाँड यांचा विषय जास्त करून भौतिक समुद्रविज्ञान होता हे खरं, पण त्यांच्या मोजमापांच्या शेजारीच तिथले प्राणिशास्त्रवाले प्लवक मोजत होते, आणि समुद्र शिकायचा म्हणजे एकाच बोटीवर सगळ्यांनी जायचं ही सवय तिथे लागली.

दुसरं उदाहरण तर थेट आपल्या विषयातलं. कार्ल बान्से हे जर्मन बायोलॉजिकल ओशनोग्राफर, पुढे आयुष्यभर अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात होते, ते १९५८ ते १९६० या काळात युनेस्कोतर्फे कोचीनला होते. त्यांनी बघितलं काय, तर पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या तळावर ट्रॉलरच्या जाळ्यात मासे कमी होतात, आणि त्याच वेळी त्या तळावर ऑक्सिजन कमी असलेलं पाणी चढून आलेलं असतं. १९५९ साली भारतातल्याच नियतकालिकात त्यांनी हे छापलं, आणि १९६८ मध्ये भारत-पाकिस्तानच्या सगळ्या पश्चिम किनाऱ्याचं चित्र मांडलं. आजही या विषयावर कुणी लिहायला बसलं तर सुरुवात तिथूनच होते. विचार करा, बान्से यांना कुणी दोन आठवड्यांसाठी डिसेंबरात बोलावलं असतं तर? त्यांना स्वच्छ, ऑक्सिजनने भरलेला, शांत समुद्र दिसला असता आणि ते तेवढंच शिकवून गेले असते. ते पावसाळ्यात तिथे होते म्हणून दिसलं. आणि संबंध तुटला नाही, २०१४ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर, त्यांनी एनआयओच्या नक्वींसोबत आणि इतरांसोबत अरबी समुद्राच्या ऑक्सिजनवर दशकांचा डेटा घेऊन पेपर लिहिला.

आता आजच्या योजना बघा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ग्यान नावाची योजना काढली, बाहेरच्या प्राध्यापकाने येऊन एक-दोन आठवड्यांचा कोर्स घ्यायचा, १२ ते १४ तासांना ८ हजार डॉलरपर्यंत आणि २० ते २८ तासांना १२ हजार डॉलरपर्यंत मानधन. हेतू चांगलाच आहे आणि काही विषयांना त्याचा फायदा झालाय हे मी मान्य करतो. पण २८ तासांत समुद्र? २०१७ ची वज्र योजना त्यापेक्षा बरी, त्यात एक ते तीन महिने राहायचं असतं. आणि २०२३ ला परदेशातल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांसाठी वैभव फेलोशिप आली, वर्षाला दोन महिन्यांपर्यंत, तीन वर्षं. माझ्या मते आपल्या विषयाला यातली वैभवच सगळ्यात योग्य, फक्त विद्यापीठाने एक अट घालावी, ते दोन महिने सप्टेंबर आणि ऑक्टोबर असतील, तिन्ही वर्षं. एकाच ठिकाणी, एकाच स्टेशनवर, म्हणजे समुद्रातल्या मोजमापाच्या ठरलेल्या जागी, तीन पावसाळ्यांनंतरचं पाणी. तीन वर्षांनी विद्यार्थ्यांच्या हातात तुलना करता येईल असं काहीतरी असेल, आणि पाहुण्याच्याही हातात असेल, कारण चांगल्या शास्त्रज्ञाला मानधनापेक्षा डेटाचा मोह जास्त असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे उत्तरेकडच्या देशांत ऑगस्टच्या शेवटी सेमिस्टर सुरू होतं, तिथला प्राध्यापक सप्टेंबरात कसा येणार. आक्षेप खरा आहे. पण निवृत्त, एमेरिटस लोक येऊ शकतात आणि या विषयात तीच माणसं सगळ्यात मोलाची, कारण त्यांनी चाळीस वर्षं समुद्र बघितलेला असतो आणि त्यांना आता पेपरांची संख्या वाढवायची नसते. सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनासाठीच्या लांब रजेवर, असणारे येऊ शकतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आपल्याच संस्थांतून निवृत्त झालेले, ज्यांनी जहाजांवर आयुष्य काढलं, त्यांना सन्मानाने एका सेमिस्टरसाठी बोलवा ना, डिस्टिंग्विश्ड व्हिजिटिंग सायंटिस्ट म्हणजे गोराच माणूस पाहिजे असं कुठे लिहिलंय. परदेशात गेलेले आपलेही आहेत. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स हे गोव्याचे, आता न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत, यांनी नॉक्टिल्युकावर जे काम केलं ते जगभर वाचलं जातं.

याच कामावरून मला वर्गात काय व्हायला पाहिजे ते सांगता येईल. गोएस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सायन्समध्ये लिहिलं की युरेशियाचा भूभाग तापतोय, हिमालयाकडचा बर्फ कमी होतोय, मोसमी वारे जोर धरतायत आणि पश्चिम अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक काही पटींनी वाढलंय. २०१६ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की पश्चिम हिंद महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पतिप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलंय, कारण वरचं पाणी तापल्याने थर घट्ट झाले आणि खालचे क्षार वर येईनात. दोन्ही गट गंभीर, दोन्ही पेपर चांगल्या ठिकाणी छापलेले. तसंच नॉक्टिल्युकाचं, २०१४ मध्ये गोम्स आणि सहकारी म्हणाले की ऑक्सिजन कमी होतोय म्हणून नॉक्टिल्युका फोफावतोय, आणि नंतर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजमापं दाखवून म्हटलं की आम्हाला तवंग सापडले तिथे ऑक्सिजन कमी नव्हता. आता पुस्तकी शिक्षक काय करणार, एक सांगणार नि दुसरं सोडून देणार, नाहीतर दोन्ही लिहून घ्यायला सांगणार. ज्याने स्वतः असे वाद घातलेत तो माणूस काय करेल, तो दोन्ही पेपर टेबलवर ठेवेल आणि विचारेल, कुठल्या वर्षांचा डेटा, किती लांबीचा, उपग्रहाचा की मॉडेलचा की बाटलीतला, किनाऱ्याचा की खुल्या समुद्राचा, कुठल्या महिन्यातला. बघा, परत महिना आलाच. विज्ञान कसं चालतं हे कळायला असा एक तास पुरतो, पण तो एक तास यायला आधी तीन आठवडे एकत्र काम झालेलं लागतं, पोरं पहिल्या दिवशी मोठ्या माणसासमोर तोंड उघडत नाहीत.

तोंड न उघडण्याबद्दल जरा जास्त लिहायचंय. आपल्याकडची बरीच पोरं मराठी किंवा कोकणी माध्यमातून, तालुक्याच्या कॉलेजातून आलेली असतात. परदेशी उच्चारातलं इंग्रजी, स्लाइडवर आलेख, हॉलमध्ये दोनशे माणसं, पहिल्या दोन रांगांत मान्यवर. प्रश्नोत्तरांत एखादे सर उठून स्वतःचंच छोटं भाषण करतात आणि वेळ संपते. मी अशा कार्यक्रमांना बसलोय, मागच्या रांगेत, आणि शेजारच्या मुलीच्या वहीत नेमका प्रश्न लिहिलेला मी पाहिलाय, तारलीचं काय होणार, तो तिने विचारलाच नाही. बोटीवर हे होत नाही. बोटीवर दोरी ओढायला लागते, बाटली धरायला लागते, उलटी आली तर कुणीतरी पाठीवर हात ठेवतं, आणि मग संध्याकाळी लॅबमध्ये फिल्टर पेपरवर जमलेला हिरवट-तपकिरी डाग ॲसिटोनमध्ये टाकून अंधारात फ्रीजला ठेवताना तिचा प्रश्न आपोआप बाहेर पडतो, मोडक्या इंग्रजीत, मराठीत, कसाही. स्थानिक शिक्षक सोबत असतो, तो मध्ये पडतो. म्हणून माझं म्हणणं की पाहुण्यासोबत स्थानिक शिक्षकाची जोडी लावलीच पाहिजे, बरोबरीच्या नात्याने, कोर्सवर दोघांची नावं. नाहीतर पाहुणा म्हणजे विद्यापीठाची शोभा आणि स्थानिक शिक्षक म्हणजे त्याची गाडी, हॉटेल, जेवण बघणारा माणूस असं होतं, आणि यात त्या शिक्षकाचा जो अपमान होतो त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तारलीचा विषय निघाला म्हणून सांगतो हा प्रश्न किती खरा आहे. केरळात २०१२ मध्ये तारली जवळपास ४ लाख टन मिळाली आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत. लाखातून हजारात. यामागे जास्त मासेमारी किती, एल निनो किती, अपवेलिंगमधला बदल किती, प्लवकाची जात बदलली का, हे बायोलॉजिकल ओशनोग्राफीचे प्रश्न आहेत आणि यांची उत्तरं एका वर्षाच्या मोजमापातून कुणीही देऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाची सार्डिन, म्हणजे तिथली तारली, कोसळली तेव्हा तिथल्या लोकांनी १९४९ पासून ठरलेल्या रेषांवर, ठरलेल्या स्टेशनांवर नियमित सॅम्पलिंग सुरू केलं, कॅलकोफी म्हणतात त्याला, आणि ते अजून चालू आहे. पंच्याहत्तर वर्षांहून जास्त. आपल्याकडेही एक अशीच गोष्ट आहे जिचा मला फार अभिमान वाटतो, एनआयओने १९९७ पासून गोव्यात कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर, एकाच जागी परत परत जाऊन पाणी मोजलंय. तळाचा ऑक्सिजन संपणं, गंधकाचा वास, नायट्रस ऑक्साइड तयार होणं, हे आपल्याला कळलं ते अशा चिकाटीतून. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये नेचरमध्ये दाखवलं की आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातून नायट्रस ऑक्साइड केवढा बाहेर पडतो, आणि हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी आहे. शेतातलं खत नदीतून समुद्रात जातं त्याचा यात वाटा असू शकतो, म्हणजे प्रश्न घाटावरच्या माणसाचाही आहे.

म्हणूनच मला गोव्याकडून सगळ्यात जास्त अपेक्षा आहे. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, तिथे सागरविज्ञानाचा विभाग, काही किलोमीटरवर दोना पावलाला एनआयओ, दोन बाजूंना मांडवी आणि झुवारी. आणि या विद्यापीठाकडे पाहुण्या संशोधक-प्राध्यापकांची फार चांगली परंपरा आहे, दा. ध. कोसंबी, मारियो मिरांडा, बाकीबाब बोरकर यांच्या नावांची अध्यासनं आहेत, आणि माधव गाडगीळांसारखा माणूस कोसंबी अध्यासनावर होता. त्या कोर्सेसना बाहेरचा सामान्य माणूसही बसू शकतो ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हेच दार समुद्रासाठी उघडा. आठवड्यातला एक तास असा ठेवा की बेतुलचा, मालीमचा मच्छीमार, वेंगुर्ल्याचा, मालवणचा रापणवाला येऊन बसेल, कोकणीत आणि मराठीत बोलणं होईल, आणि तो फक्त ऐकायला येणार नाही, त्याच्याकडे पाण्याचा रंग, मासा कुठल्या आठवड्यात किनाऱ्याला चिकटला, जाळ्यात जेलीफिश कधी भरली याची पन्नास वर्षांची आठवण असते. त्या आठवणीला तारखा लावायचं काम विद्यार्थ्यांचं.

महाराष्ट्राच्या बाजूला रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, एनआयओचं मुंबई केंद्र आहे. प्रत्येकाने वेगळा पाहुणा, वेगळा हॉल, वेगळा बॅनर करण्यापेक्षा एकाच माणसाला गोवा-रत्नागिरी-मुंबई असं फिरवा, तीन ठिकाणी तीन स्टेशनं, एकच पद्धत, एकच वही. दक्षिण कोकणात ऑक्सिजन कमी होण्याचा जोर आणि मुंबईसमोरचा गढूळ, भरती-ओहोटीने ढवळलेला समुद्र यातला फरक पोरांना शेजारी शेजारी दिसेल.

खर्चाचं म्हणाल तर सप्टेंबरात, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून नारळी पौर्णिमा झाल्यावर, मध्यम ट्रॉलर दिवसासाठी भाड्याने मिळतो, त्यासाठी संशोधन जहाज लागत नाही. हवा बिघडली तर जायचं नाही, तो दिवस जेटीवरून खाडीचं पाणी काढायचं, मांडवीतही शिकण्यासारखं भरपूर आहे. लाइफ जॅकेट, विमा, बोट चालवणाऱ्या तांडेलाचा शब्द अंतिम, एवढं पाळलं की भीतीचं कारण नाही. विद्यार्थ्यांना बोटीवर नेणं म्हणजे जबाबदारी नको म्हणून फाइल अडवणारे लोक असतात, त्यांना मी एवढंच म्हणेन की मग समुद्राची पदवी देऊ नका.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करतो. विद्यापीठांत कायम शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणारी माणसं महिनोन्महिने पगाराची वाट बघतात, आणि अशात पाहुण्यावर डॉलर खर्च करायचे? नाही करायचे. कायम जागा भरणं आधी. पाहुणा हा रिकाम्या जागेवरचा उपाय होऊच शकत नाही, तो दोन महिन्यांत जे पेरून जाईल ते सांभाळायला घरचं माणूस नसेल तर ते पहिल्या वर्षीच मरतं. लाफाँड यांच्यामागे आंध्र विद्यापीठ उभं राहिलं, बान्से यांच्यामागे कोचीनच्या संस्था होत्या, म्हणून ते काम टिकलं. आज आपण योजनेचा हिशोब कसा देतो, तर किती व्याख्यानं, किती उपस्थिती, किती फोटो. याऐवजी एकच प्रश्न विचारला पाहिजे, पाहुणा जाऊन तीन वर्षं झाल्यावर त्याचं स्टेशन चालू आहे का, आणि त्याचा डेटा कुठल्याही विद्यार्थ्याला उघडून बघता येतो का.

तेव्हा ज्यांच्या हातात हे आहे त्या कुलगुरूंना आणि विभागप्रमुखांना माझी विनंती आहे, पुढच्या पाहुण्याला पत्र लिहिताना त्यात महिना लिहा. मे महिन्यात ट्रॉलरमालकाशी करार करा, जूनमध्ये केमिकल्स आणि फिल्टर पेपरची ऑर्डर द्या कारण ती यायला आपल्याकडे तीन महिने लागतात, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातलं विमानाचं तिकीट काढा. आणि या सगळ्याच्या आधी त्या माणसाची नेमणूक करा, पगारासकट, जो पाहुणा परत गेल्यावर दर पंधरा दिवसांनी त्याच जागी जाऊन तळाची बाटली वर काढणार आहे.